रिंगणात पडलेला टॉवेल

“सांग त्यांना, सॉसेज करपतायत म्हणावं!”

नेव्हिओने हे सांगितलं ते आपल्या बायकोला, टेरीला. पण तव्यापाशी उभी होती ती त्याची सख्खी थोरली बहीण इल्दा... अगदी हातभर अंतरावर!

“त्यांनाही सांग,” इल्दा चिमटा फिरवत म्हणाली, “उमेदवाराने मतं मागावीत, तव्यात डोकावू नये.”

“मी काय टेलिफोन आहे का तुमचा?” कांदा चिरता चिरता टेरी वैतागली आणि रांगेतली माणसं खदखदून हसली.

मतदानाचा शनिवार होता. क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यातलं ते लहानसं गाव शाळेच्या अंगणात लोटलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना नगरसेवक कोण होतो यापेक्षा पावात गुंडाळलेल्या सॉसेजची ओढ अधिक होती. इल्दाही हसली, पण अंतःकरणात मात्र तीच जुनी कळ उठली... मम्मा गेली तेव्हा नेव्हिओ नुकता शाळेत जाऊ लागला होता. त्याला न्हाऊमाखू घालणारी, त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांवर फुंकर घालणारी तीच! पुढे पापाने त्याला मुष्टियुद्ध शिकवलं, पोर राज्याच्या अंतिम लढतीपर्यंत पोचलं, गुणांनी पुढेही होतं... आणि तेवढ्यात त्याच्या कोपऱ्यात मदतीला उभ्या असलेल्या इल्दाने टॉवेल रिंगणात फेकला. टॉवेल पडला की लढत तिथेच संपते. हार!

“माझ्या स्वप्नावर पाणी ओतलंस तू!” तो त्या रात्री ओरडला होता. त्यानंतर एकाच टेबलावर जेवताना मीठसुद्धा तो टेरीमार्फत मागत आला. इल्दाने टॉवेल का फेकला, ते ना त्याने विचारलं, ना तिने सांगितलं.

“दोन द्या बाई! आणि कांदा सॉसेजच्या खाली घाला, वर घातला की सांडतो,” असं म्हणत रांगेतून एक आडदांड गडी पुढे आला. क्लाइव्ह टॅगर्ट! ती लढत जिंकलेला, आणि आता याच गावात टायरचं दुकान थाटून बसलेला. “नेव्हिओ, मत तुलाच दिलंय हं! भर लढतीत मला ‘मम्मा’ म्हणालास, तुला नाही कसं म्हणू?”

“कोण, मी?”

“तू नाहीतर कोण! आपण एकमेकांना जखडून उभे होतो, आणि तू माझ्या कानात म्हणतोस, ‘मम्मा, आज शाळेत नाही जात मी.’ मला वाटलं, चेष्टा करतोयस. असा चिडलो होतो... पुढच्या फेरीत झोपवलंच असतं तुला. टॉवेल पडला म्हणून वाचलास!”

रांग पुन्हा हसली. नेव्हिओही हसायला गेला, आणि ते हसू त्याच्या ओठांवरच थिजलं. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं!

“टेरी, विचार त्यांना...” आणि तो थेट बहिणीकडे वळला. “इल्दा... तुला माहीत होतं?”

इल्दा! किती वर्षांनी त्या तोंडून तिचं नाव... करपणारे सॉसेज तसेच सोडून ती त्याच्याकडे वळली.

“फेरी संपवून कोपऱ्यात आलास आणि मलाही मम्माच म्हणालास. सरावात डोक्याला मार बसला होता तुझ्या. पापाने तो डॉक्टरांपासून लपवला होता, एवढी एक लढत होऊ दे म्हणून. मी म्हटलं, लढत गेली तर जाऊ दे, माझं पोर जाता कामा नये!”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं, तर पापाचं तोंड पाहिलं असतंस? तो शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्या हातून सूप प्यायला रे... माझ्यावर रुसलास, मला चाललं. तुला झापायला टेरी होतीच की मधे!”

“मेला हा कांदा...” टेरी नाक पुसत पुटपुटली, कांदा तर केव्हाच चिरून झाला होता.

नेव्हिओने बहिणीच्या हातातला चिमटा काढून क्लाइव्हच्या हाती दिला. दुधाचा एक रिकामा क्रेट ओढत शाळेच्या दाराशी सावलीत नेला, तिला खांदे धरून त्यावर बसवलं, कपाळ पुसलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली... दोन फेऱ्यांच्या मधे थकल्या खेळाडूचं करतात ना, तस्सं! आणि मग, स्वतःचाच फोटो छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलून तो तिला वारा घालू लागला. तिला हुंदका आवरेना, आणि हसूही!

दारातून मतदान अधिकारी बाई धावत आल्या. “अहो उमेदवार! दारापासून सहा मीटरच्या आत प्रचाराची पत्रकं चालत नाहीत!”

“प्रचार कसला करतोय बाई!” भरल्या डोळ्यांनी, हात क्षणभरही न थांबवता नेव्हिओ ओरडला. “माझी बहीण दमलीय, जरा वारा घालू द्या!”