चाव म्हणणारी कुम्बा

सेनेगलमधल्या सां-लुईच्या किनाऱ्यावर मासांबा होडी रंगवत होता आणि मी घाईघाईनं त्या होडीला घासून गेले. माझ्या नव्याकोऱ्या झग्याला ओला पिवळा रंग लागला.

"पार्दों," मी म्हटलं. फ्रेंचमध्ये माफी मागितली की माणूस कसा शहाणा दिसतो.

त्यानं कुंचला खाली ठेवला. "आधी सलाम, बाईसाहेब. मग घरची खुशाली. माफीबिफी त्यानंतर."

आणि खरंच, वडील कसे, आई कशी, मेंढ्या कशा... झग्यावरचा रंग वाळेपर्यंत विचारत राहिला. आमच्याकडे असंच विचारतात, पण मला तेवढा धीर कुठला? माझं केस गुंफायचं दुकान. गिऱ्हाइकाला येताना बोंजूर, जाताना चाव. तो चाव मी इटलीहून आलेल्या मावसबहिणीकडून उचललेला. आई म्हणायची, नाकापेक्षा मोती जड.

मग मी रोज त्याच वाटेनं जाऊ लागले. दुकानाला जवळची वाट दुसरी होती... असो. एकदा मीच त्याच्या मेंढ्यांची चौकशी केली, तर गडी लाजला.

"आहेत तरी का तुझ्याकडे मेंढ्या?"

"नाहीत. पण तू विचारलंस ना — आता घेतो."

त्या हसण्यावर मी भाळले. सांगायचं मात्र राहूनच गेलं आणि एक दिवस कळलं, तो मामाच्या होडीवर मॉरिटानियाला निघालाय, मासेमारीच्या हंगामाला. तिकडे गेलेले काहीजण तिकडेच संसार थाटतात.

निरोपाला सगळा किनारा जमला. मी शुभ प्रवासाचं "बों व्हॉयाज" घोकून गेले होते, पण तो समोर आला आणि सगळं फ्रेंच विसरले. आमच्यात हात मिळवताना डावा हात देणं म्हणजे अपमान. फक्त लांब निघालेल्या घरच्या माणसाला तो मुद्दाम देतात. ती चूक सुधारायला त्याला परत यावंच लागतं. त्याच्या आईनं नुकताच दिला होता.

मी डावा हात पुढे केला. त्याच्या आईच्या भुवया वर गेल्या.

"कुम्बा," तो हळूच म्हणाला, "हा घरच्यांनी द्यायचा असतो."

"माहितीये. म्हणूनच देतेय — आवडतोस तू मला."

त्यानं हात धरला तो सोडेचना. शेवटी मामानं हाक मारली.

होडी लाटांपलीकडे गेली, तेव्हा त्याची आई माझ्याजवळ आली.

"रडतेस काय? चल घरी. भात टाकलाय, आज मासा तू साफ कर."

मी हसत, नाक पुसत तिच्या मागून निघाले.