भाऊजींच्या नावापुढचा एन

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच टेबलावर घडलंय, तेही भर दुपारी. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

आमच्या नकाशे छापणाऱ्या कार्यालयाचा ईमेल मी सांभाळतो. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारा जुनाट प्रोग्राम. तो मला भाऊजींनी शिकवला. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. याच खोलीत बसायचे. मार्चमध्ये गेले.

प्रोग्रामची युक्ती साधी आहे. तो कोणाची टपालपेटी उघडत नाही, दोन वेळांची फक्त तुलना करतो. पेटीत शेवटचं पत्र कधी पडलं, आणि पेटी शेवटची कधी वाचली गेली. वाचल्यानंतर पत्र पडलं असेल, तर नावापुढे 'एन' उमटतो. म्हणजे नवीन टपाल.

ते गेल्यावरही ताई रोज दुपारी दोनला भाऊजींच्या पेटीत पत्र टाकायची. म्हणून ती पेटी मी बंद केली नव्हती.

एका मंगळवारी लक्षात आलं...

एन नाही.

पत्र दोनला पडलेलं. पेटी वाचली गेली दोन वाजून एक मिनिटाने.

मी तर हातही लावला नव्हता. मग कोणी?

माझं डोकंच सटकलं. ताईचं दुःख कोणीतरी चवीने वाचतंय! आधी बॅकअप बंद केला, कारण तोही पेटीची फाईल वाचतो. पासवर्ड बदलला. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना गाठलं.

"अहो, माझ्यावर संशय? मला स्वतःची पत्रं वाचायला फुरसत नाही!"

बुधवारी त्या रजेवर. खोलीत मी एकटा.

दोन वाजले. एन उमटला...

आणि डोळ्यांदेखत गेला.

मी हट्टाला पेटलो. फाईल वाचायची परवानगीच काढून टाकली. पत्र आत पडेल, पण वाचता कोणालाच येणार नाही.

गुरुवारी एन उमटला. पाचपर्यंत तसाच. चला, म्हटलं, चोराची वाट बंद झाली.

सहाला ताईचा फोन आला. रडत होती.

"आज त्यांनी वाचलं नाही रे..."

एनबद्दल मी तिला अवाक्षरही बोललो नव्हतो.

"तुला कसं कळलं, ताई?"

"रोज पत्र पाठवलं की मिनिटाभरात त्यांच्या चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज येतो. टक्कन. आज आलाच नाही. माझं काही चुकलं का रे?"

मी परवानगी लगेच परत दिली.

त्याला तीन आठवडे झाले. ताई रोज लिहिते.

एन जात नाही...

दार मी लावलं होतं, हे तिला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.