सोमवारच्या चादरी

क्वीन्सलंडच्या त्या मेंढ्यांच्या मुलखात सोमवार म्हणजे धुणं. विनीनं सकाळीच चादरी उकळल्या, पिळल्या आणि दोरीवर घातल्या. दोरीवरच. गेल्या सोळा महिन्यांत तिनं एकही चादर गवतावर वाळत घातली नव्हती.

सोळा महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारी दोरी तुटली होती, एवढंच. चार चादरी तिनं मोकळ्या रानात गवतावर पसरल्या, कोपऱ्यांवर दगड ठेवले. इंग्लंडहून एकट्यानं विमान हाकत आलेला एक पोरगा वरून जात होता. जमिनीवर पांढरी चादर म्हणजे 'इथं उतरा', ही खूण तेव्हा प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असायची. तो बिचारा उतरला. गवतात जुनी खोडं दडलेली होती. विमान उलटलं आणि पेटलं.

चादरी केव्हाच उचलून ठेवल्या होत्या. चौकशीला साहेब आला तेव्हा तिचा नवरा क्लेम तिच्या कानाशी पुटपुटला, "तोंड उघडू नकोस. मेलेला काही परत येत नाही." विनीनं तोंड उघडलं नाही. खूण नसताना उतरला, हलगर्जी होता, असं त्या पोराच्या नावावर कायमचं लागलं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

आज भर दुपारी टपालाची लॉरी थांबली. "वहिनी, पाहुणी आणलीय!" ड्रायव्हर ओरडला. "चहाच द्या बरं का. तुमचं मटण खाल्लं तर पळून जाईल!"

पाहुणी म्हणजे त्या पोराची आई, मिसेस पेंडार्विस. सहा आठवडे बोटीनं प्रवास करून आली होती.

"माझा जॉस हलगर्जी नव्हता गं," चहाला हात न लावता ती म्हणाली. "त्यानं काहीतरी पाहिलं असणार. तुला... काही माहीत आहे?"

"नाही," विनी म्हणाली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. विनी दाराशी धावली. वाऱ्याची झुळूकही नव्हती, पण दोरी रिकामी होती. चारही चादरी रानात, त्याच जागी, ताणून पसरलेल्या. कोपऱ्यांवर दगड. हवेत पेट्रोलचा वास. वर आभाळात काहीच नव्हतं, आणि घरघर मात्र खाली खाली येत होती...

ती धावत गेली, एक चादर ओढून काढली. दुसरीकडे वळेपर्यंत पहिली पुन्हा जागेवर होती.

"माझ्या होत्या!" ती गुडघ्यांवर कोसळून रडू लागली. "त्या दिवशी पण माझ्याच होत्या, बाई! मी खोटं बोलले!"

म्हातारी मागे येऊन उभी होती.

"म्हणजे माझा जॉस चुकला नव्हता," ती म्हणाली. "हे ब्रिस्बेनला येऊन साहेबांपुढं सांगशील?"

"सांगेन. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तरी सांगेन."

"मग राहू देत त्या चादरी, पोरी. उतरू दे त्याला."

घरघर अगदी डोक्यावर आली. गवत चाकांच्या दोन रेघांत दबत गेलं, आणि सगळं शांत झालं. म्हातारी पुढे गेली. रिकाम्या हवेत गालाच्या उंचीवर तिनं हात नेला. "किती वाळलास रे..."

मग मागं न वळताच तिनं हाक दिली, "पोरी, दोन पेले पाणी आण. तुझा क्लेमही उतरलाय त्याच्याबरोबर."

नवऱ्याचं नाव विनीनं तिच्यापुढं घेतलंच नव्हतं. आणि क्लेम तर सकाळीच धडधाकट, घोड्यावरून उत्तरेचं कुंपण बघायला गेला होता.