एक मीटर वीस

जमीन न उकरता तिच्या पोटात काय आहे ते सांगणं, हा माझा धंदा. लोकांना वाटतं यात काहीतरी जादू आहे. जादूबिदू काही नाही. दोन यंत्रं असतात, त्यांना आम्ही डबा आणि काठी म्हणतो. डबा तारेच्या किंवा पाइपाच्या उघड्या टोकाला चिमट्याने लावायचा. तो तिच्यात एक ठरावीक सूर सोडतो. काठी हातात धरून दुसऱ्याने चालत राहायचं. तार पायाखाली आली की काठी वाजते आणि तिच्या पडद्यावर खोली दिसते. तिथे रंगीत भुकटीची फक्की टाकायची आणि खोदणाऱ्याला बजावायचं की बाबा रे, इथे हात लावू नकोस. सोळा वर्षं मी हेच करते आहे. वलवणला राहते, भुताखेतांवर विश्वास नाही, आणि कोणी अंगात आल्याचं सांगितलं तर मी आधी त्याचं जेवण झालंय का ते विचारते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कुरवंडे गावचं काम आलं. वरच्या आळीतल्या अकरा घरांना नळ द्यायचा होता. आळीतला रस्ता सोमवारी काँक्रीटचा होणार होता. त्याआधी पाइप जमिनीत गेला नाही तर नवा रस्ता फोडायची परवानगी पुढे कोणी दिली नसती. म्हणजे आळीतल्या बायका खालच्या झऱ्यावरून हंडे वाहतच राहणार. रस्त्याच्या टोकाला विठाबाईंचं घर. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. मी गुरुवारी सकाळी जीपमधून उतरले तेव्हा त्या डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत होत्या.

"तूच का गं ती जमीन ऐकनारी?" त्यांनी विचारलं.

"व्हय मावशी."

"मंग नीट आयक. लय वाट बघितली आमी या नळाची."

मी काठी घेऊन कामाला लागले. विजेची तार सापडली, तिच्यावर लाल रेघ मारली. जुना बंद पडलेला पाइप निळा. फोनची तार बांधाच्या कडेने गेली होती. सगळं नकाशाबरहुकूम. अकरा वाजता डबा बंद करून जीपमध्ये ठेवला आणि सवयीने, नुसतीच, काठी घेऊन पूर्ण वाटेवरून एकदा परत फिरले. विठाबाईंच्या अंगणासमोर काठी वाजली.

खोली एक मीटर वीस.

डबा बंद असताना काठी वाजली तर खाली विजेची जिवंत तार असते, पण तो आवाज माशी घोंघावल्यासारखा येतो. हा सूर डब्याचा होता. मी जीपपर्यंत जाऊन पाहिलं. डबा बंद, चिमटे गुंडाळलेले. परत येऊन काठीचे सेल बदलले. सूर तसाच, जरा घोगरा.

मग मी त्या रेघेमागे निघाले. ती नेमकी आमच्या पाइपाच्या वाटेवर सुरू होत होती आणि सरळ पूर्वेला जात होती. कापणीला आलेल्या भातातून, बांध ओलांडून, पुढे उघड्या कातळावर. कातळ म्हणजे सलग काळा दगड, त्यावर साधी चीरसुद्धा नव्हती. तिथेही काठी वाजत होती. एक मीटर वीस. चढावर एक मीटर वीस, उतारावर एक मीटर वीस. माणसाने टाकलेली तार इतकी शहाणी नसते.

दुपारभर मी फोन करत बसले. वीजवाले, फोनवाले, पाणीवाले, गॅसवाले, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. संध्याकाळी ठेकेदाराचा इंजिनीअर निलेश आला. पुण्याचा, इस्त्रीच्या शर्टातला, पण माणूस वाईट नाही.

"मॅडम, कोणाच्याच कागदावर नाही, म्हणजे तिथे काही नाही. सही करा, उद्या मशीन लावतो."

"काठी वाजतेय."

"काठी चुकत असेल."

"असेल. पण अनोळखी रेघ खाली ठेवून मी सही करत नाही."

निलेशने हात टेकले. शनिवारी दुपारपर्यंत थांबतो म्हणाला. नंतर मात्र दुसऱ्या कोणाची तरी सही घेणार होता.

मी सही का करत नाही ते नूरमहंमदला माहीत होतं. नूरमहंमद कामशेतचा, पंचावन्न वर्षांचा, स्वतःच्या जेसीबीवर स्वतः बसणारा. पाच वर्षांपूर्वी तळेगावच्या कामावर तो होता.

तेव्हा मी एकटी काम करत नसे. काठी माझ्याकडे आणि डबा ओंकारकडे. ओंकार माझ्याहून सात वर्षांनी लहान, ताई ताई करून डोकं उठवायचा. डबा कितीही लांब लावलेला असो, मी काम झालं असं कळवेपर्यंत तो त्याच्याजवळून उठायचा नाही. पाऊस असो, ऊन असो. फोनला रेंज नसली की त्याची एक खूण होती. तो सूर तीनदा तोडायचा. काठीत तीन खंड ऐकू आले की समजायचं, 'ताई, थांब आता, मी येतो, चहा घेऊ.' मग पाच मिनिटांत डबा काखेत मारून स्वारी हजर.

आमच्यात आणखी एक रीत आहे. ज्याने फक्की टाकली त्याने पहिली कुदळ मारायची. चूक झालीच तर आधी त्याला भोवावी, म्हणून. तळेगावला फक्की माझी होती. पण त्या दिवशी माझा पाय मुरगळला होता, म्हणून डबा तिथेच कडेला चालू ठेवून ओंकार खड्ड्यात उतरला. काठी सांगत होती तार खाली आहे. लागेना. मी वरून म्हणत राहिले, अजून थोडं. अजून थोडं. मग बाजू ढासळली. नूरमहंमदने हाताने माती उपसली, मशीन लावता येत नव्हतं. ओंकार सापडला तो गेलेलाच. कडेचा डबा मातीबरोबर आत गेला होता, तो सापडला नाही. तारही सापडली नाही. ओल्या मातीत काठी फसते असा अहवाल आला आणि मी तो मान्य केला. माझ्या शब्दावर तो खाली गेला होता, हे कुठल्याच अहवालात नाही. ते मला रोज आठवतं.

तो डबा एकदा ओंकारच्या हातून पडला होता. तेव्हापासून त्याचा सूर घोगरा झाला होता.

हे मी गुरुवारी रात्री अंथरुणात स्वतःशी कबूल केलं, आणि शुक्रवारी सकाळी दुप्पट हट्टाने कुरवंड्याला गेले. घोगरा सूर काय, कुठल्याही बिघडलेल्या डब्याचा असू शकतो. कोणीतरी कुठेतरी काम करत असेल. मी त्या रेघेवर दहा दहा पावलांवर फक्की टाकली, दुसऱ्या काठीने तपासली. दोन्ही काठ्या एकच बोलत होत्या.

चार वाजता नूरमहंमद जेसीबी घेऊन आला. मी विठाबाईंच्या अंगणासमोर उभी होते. तो शेजारी येऊन उभा राहिला. आणि काठीतला सूर तुटला. एकदा, दोनदा, तीनदा. मग पुन्हा सलग.

नूरमहंमदने मान वळवून जीपकडे पाहिलं.

"ताई, तुमचा डबा कुटं हाय?"

"जीपमध्ये. बंद."

"मंग डब्यावर कोन बसलंय?"

"कोणी नाही, नूरभाऊ. उद्या खड्डा घेऊन बघू. हाताने."

"मजूर न्हाईत. समदे कापनीला गेलेत."

"मग मी खणते."

"तुमी कशाला? मी हाय की," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही, काठीकडे बघून.

शनिवारी दहा वाजता पहिली कुदळ मी मारली. नंतर नूरमहंमदने माझ्या हातून काढून घेतली. विठाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. ऊन लख्ख पडलं होतं, समोर नागफणीचा सुळका अगदी स्वच्छ दिसत होता, शेतातून कापलेल्या भाताचा वास येत होता. घाबरावं असं त्या सकाळी काही नव्हतं.

वरचा थर गेला, तांबडा मुरूम लागला. घट्ट, कधीच कुणी न हलवलेला. तार टाकायची तर आधी चर खणावा लागतो, आणि एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. इथे कोणाची कुदळ लागलीच नव्हती. तरी मी म्हटलं, खण.

एक मीटर वीसला काही नव्हतं. मी काठी खड्ड्याच्या तळाला टेकवली.

एक मीटर वीस.

"काय म्हनते?" नूरमहंमदने विचारलं.

"अजून खाली आहे."

त्याने आणखी चार बोटं खणलं. मी काठी खाली सोडली. एक मीटर वीस. आणखी चार बोटं. एक मीटर वीस. आम्ही जेवढे खाली जात होतो तेवढंच ते खाली जात होतं.

तळेगावनंतर मी स्वतःच एक नियम केला होता. कमरेच्या खाली खड्डा गेला की बाजूंना फळ्या लावल्याशिवाय माणूस आत ठेवायचा नाही. नूरमहंमद छातीपर्यंत आत होता. फळ्या जीपच्या टपावर होत्या. मला ते दिसत होतं, आणि तरी माझं सगळं लक्ष पडद्यावरच्या आकड्यावर होतं. मला ती तार हवी होती. ती सापडली असती तर तळेगावचीही होती असं झालं असतं. काठी फसली नव्हती, मी चुकले नव्हते, असं झालं असतं. पाच वर्षं मी खबरदारी म्हणून मिरवत होते ते खरं म्हणजे एवढंच होतं.

"ताई, अजून खाली जाऊ का?"

"अजून थोडं," मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेले आणि मला ते ऐकू आले.

सूर तुटला.

एकदा.

दोनदा.

तीनदा.

बारा वाजून गेले होते. ही काही चहाची वेळ नव्हती.

"नूरभाऊ, वर या."

"थांबा, ह्यो दगुड तेवडा…"

"वर या! आत्ता!"

मी काठी टाकून दोन्ही हात खाली केले. त्याने माझी मनगटं धरली, मी मागे रेलले, तो गुडघ्यावर वर आला. तो उभा राहून पँट झटकत होता तेव्हा शेताच्या बाजूची भिंत खाली बसली. फारसा आवाज झाला नाही. भाताच्या खाचरातलं पाणी आतून मुरत आलं असणार. खड्डा गळ्यापर्यंत भरला आणि नूरमहंमदची कुदळ दिसेनाशी झाली.

तो खाली बसला. मीही बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. विठाबाई सूप टाकून धावत आल्या, त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. "वाचलास रं बाबा," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी तिथेच कागद काढला. अनोळखी रेघ, खोली निश्चित नाही, पाइपाची वाट आठ मीटर उत्तरेला विठाबाईंच्या गोठ्यामागून न्यावी, तिथे जमीन मोकळी आहे. गोठ्यामागे मी स्वतः तीनदा फिरून आले होते. खाली सही केली. निलेशला फोनवर वाचून दाखवलं. तो कुरकुरला, पण खड्डा ढासळल्याचं ऐकून त्याने मानलं. दुपारीच मशीन लावू म्हणाला. आळीला नळ मिळणार होता, आणि कोणाचा जीव न जाता. पाच वर्षांत पहिल्यांदा मला माझं काम पुरं झाल्यासारखं वाटलं.

विठाबाईंनी चहा आणला. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. काठी मी मघाशी टाकली तिथेच, बुजलेल्या खड्ड्याच्या कडेला पडली होती. मी उठून ती उचलली आणि बंद करण्याआधी उगाच एकदा मातीवर टेकवली. सूर चालूच होता, घोगरा, सलग. म्हणजे डब्यावरचा माणूस अजून उठला नव्हता. मी झालं म्हटल्याशिवाय तो कधीच उठला नाही. तळेगावला मी ते म्हटलंच नव्हतं.

नूरमहंमद माझ्याकडे बघत होता. मला लाज वाटली नाही.

"झालं रे ओंकार," मी म्हटलं. "झालं काम."

सूर तीनदा तुटला. मग पुन्हा लागला.

मी पडद्याकडे पाहिलं. तीन दिवसांत तो आकडा एकदाही हलला नव्हता.

एक मीटर दहा.

"ताई, काय म्हनते?" ओट्यावरून नूरमहंमदने विचारलं.

नव्वद सेंटिमीटर. माझ्या बुटांपुढची ताजी माती कोरडी होती, स्थिर होती. साठ.

"चहा गार होतोय गं," विठाबाई म्हणाल्या.

चाळीस.