कोपराच्या कातडीचा डोळा

"कोपराची कातडी डोळ्यात? उद्या डोळ्यात केस उगवले तर कंगवा तू आणून देणार का?"

माझ्या लेकीला, उमाला, मी सरळ विचारलं. ती पेशींवर संशोधन करते. माझ्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पार पांढरा. सात वर्षांची नात श्रीजा मी अजून नीट पाहिलेलीच नव्हती. माझ्याच कोपराच्या पेशींपासून उमा नवा पडदा वाढवत होती; तो बसवायला माझ्या संमतीचा अंगठा हवा होता. पण अख्ख्या सोलापुरात माझ्या चादरींचं नाव. माल पारखल्याशिवाय मी अशी सहज अंगठा देईन होय!

"अव्वा, हात दे," श्रीजा म्हणाली. तिनं आणि घरच्या यंत्रमानवानं, गुंड्यानं, लाकडी मण्यांभोवती सूत गुंडाळून पेशीचा नमुना केला होता. "हे सूत म्हणजे डीएनए. त्यावर अख्ख्या शरीराच्या सूचना. एकेक सूचना म्हणजे जनुक. मणी आणि सूत मिळून क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी)."

मी चाचपलं. कुठं घट्ट, कुठं लोंबतंय. विणकराच्या घरात लोंबतं सूत! श्रीजा पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी सगळं मागाच्या सुताच्या कांडीसारखं चापून गुंडाळलं.

गुंड्यानं बोट फिरवलं. "सूचना वाचता येत नाहीत. ही पेशी काहीच करू शकत नाही."

"अव्वा! मारलीस ना माझी पेशी!"

"मग सैल सोडलंस कशाला? वळण म्हणून नाही पोरीला."

उमा हसत सुटली. "अम्मा, सैल असतं तिथंच पेशीला वाचता येतं. घट्ट ते बंद. तुझ्या कोपराच्या पेशीत डोळ्याच्याही सूचना आहेत, फक्त गुंडाळून ठेवलेल्या. आम्ही पेशीला रासायनिक इशारे देतो. मग डोळ्याच्या सूचना सैल होतात, कातडीच्या घट्ट."

"आणि केसांची?"

"घट्ट. पडदा बसवण्याआधी तपासतो, कुठं सैल, कुठं घट्ट."

"एखादी चुकून उघडी राहिली तर?"

"तर पडदा फेकतो. तुझे दोन फेकलेत."

दोन फेकले म्हटल्यावर जीव थंड झाला. खोट असलेली चादर मीही कधी बाजारात नेली नाही.

"आण कागद," मी म्हटलं. "अंगठा कुठं लावू?"

पडदा बसवून डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा समोर श्रीजा उभी. सात वर्षं मी गावभर सांगत होते, पोरीचं नाक माझं. बघते तर सरळसरळ विहीणबाईंचं! तरी त्या नाकाचा मुका घेतला. पोरीचा काय दोष?

"अव्वा, कोपरात कानाच्याही सूचना असतील ना? शेजारच्या म्हाताऱ्या मल्लय्यातातांना ऐकू येत नाही."

मी उमाकडं पाहिलं. हो, पाहिलं!

"सूचना आहेत," उमा म्हणाली. "पण तिथलं सूत नीट सैल करायला अजून जमलेलं नाही."

"मग ये इकडं," मी श्रीजाला जवळ ओढलं आणि माझ्या हातानं आवळलेला तो नमुना तिच्या मांडीवर ठेवला. "बस. गाठ न पाडता सूत कसं सोडवायचं, ते शिकवते."