सॉरीचा पत्ता

"सॉरी हं मॅडम," म्हणत वेटरनं डॉ. शाल्मली गुप्तेच्या साडीवर सांडलेलं सांबार फडक्यानं आणखी पसरवलं. तिच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर बारीक हिरवी अक्षरं उमटली : 'मधे कशाला बसता?'

शाल्मली गालात हसली. तिला राग येत नसे. राग बरोबरीच्या माणसांवर करायचा असतो. शेजारच्या टेबलावर एक तरुण फोनवर बायकोला सॉरी म्हणाला. काच म्हणाली, 'विषय संपव.' दारात एक वकील दुसऱ्यावर आदळून सॉरी म्हणाला. 'सरक बाजूला.' सकाळपासून ऐकलेल्या सॉरींपैकी एकही अस्सल नव्हती, आणि याचं तिला आता आश्चर्यही वाटत नव्हतं.

या शब्दाचा तिनं जन्मभर अभ्यास केला होता. मूळ इंग्रजीतच तो बहुरूपी. पश्चात्ताप झाला तरी सॉरी, हळहळ वाटली तरी सॉरी, कीव आली तरी सॉरी. ऐकू आलं नाही की सॉरी, कुणाला वाटेला लावायचं असलं की सॉरी, आणि एखाद्याची दशा दळभद्री असेल तर तीही सॉरीच. आपल्या लोकांनी तो उचलला आणि पायपुसण्यासारखा दारात टाकला. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाय पुसावेत आणि पुढे जावं.

चष्म्यातलं ते यंत्र, अर्थवेधी, तिनं खरं तर पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बनवलं होतं. काहींची सगळी भाषा जाते, एखादाच शब्द उरतो. पाणी हवं तरी तोच, दुखतंय तरी तोच. आवाजातला कंप, श्वास, चेहऱ्याच्या स्नायूंची बारीक हालचाल आणि बुबुळांचा आकार टिपून अर्थवेधी त्या क्षणाचा अर्थ सांगे. मग सरकारचं त्याकडे लक्ष गेलं आणि कायदा झाला : अपघातामुळे बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करायचा असेल, तर मालकानं मृताच्या कुटुंबाची माफी मागावी, आणि ती खरी आहे असं अर्थवेधीनं सांगावं.

आज मेरुतारा केमिकल्सची पाळी होती. खारवली खाडीकाठच्या त्या कारखान्यात एका कंत्राटी कामगाराला मास्क न देता टाकी साफ करायला उतरवलं होतं. तो वर आला नाही. त्याची आई, सुलोचना तांडेल, लवादाच्या खोलीत पदर घट्ट धरून बसली होती. समोर मालक, यशोधन केळुसकर. भिंतीवर अर्थवेधीचा मोठा पडदा.

केळुसकर उठले, कोट सारखा केला आणि सुलोचनाबाईंकडे पाहून म्हणाले, "आय ॲम सॉरी."

पडद्यावर आलं : 'गैरसोयीबद्दल दिलगिरी.'

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. फलाटावरच्या घोषणेतली दिलगिरी! शाल्मलीला मनापासून समाधान वाटलं. असल्या माणसांना उघडं पाडण्याइतकं सुख दुसऱ्या कशातच नव्हतं. केळुसकरांच्या वकिलांनी दुसरी संधी मागितली. लवाद बनसोडेसाहेबांनी जेवणानंतरची वेळ दिली.

दुपारी केळुसकर पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "सॉरी," ते म्हणाले, आणि आवाज फाटला.

पडद्यावर एकच शब्द होता : 'पश्चात्ताप.'

शाल्मलीनं नोंदी पुन्हा तपासल्या. श्वास, बुबुळं, कंप, सगळं खरं होतं. नाटकी रडणं अर्थवेधी सहज ओळखत असे. हे नाटक नव्हतं. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. बनसोडेसाहेबांनी आदेश लिहिण्यासाठी थोडा वेळ मागितला.

व्हरांड्यात केळुसकर पाणी पीत उभे होते. डोळे अजून ओले, पण ओठांवर हसू.

"मानलं तुमच्या यंत्राला," ते म्हणाले. "सकाळी घाबरवलंच त्यानं."

"दोन तासांत इतका बदल?" शाल्मलीनं विचारलं.

"बदल कसला? टिपू आठवला. आमचा कुत्रा. लहानपणी माझ्या हातून फाटक उघडं राहिलं आणि तो गाडीखाली गेला. अजून पोटात तुटतं. शब्द म्हणताना त्याला डोळ्यांसमोर आणायचं, बस्स." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "डॉक्टर, तुमचं यंत्र अर्थ मोजतं. पत्ता नाही."

ते आत गेले. तिच्यासमोर हे बोलल्यानं आपलं काही बिघडेल, असं त्यांना वाटलंही नव्हतं. वेटरकडे पाहून आपण जसं हसलो तसंच हा माणूस आपल्याकडे पाहून हसला, हे शाल्मलीला कळलं आणि तिचे कान तापले.

ती खोलीत शिरली आणि उभ्यानंच बोलली. "साहेब, पश्चात्ताप खरा आहे. पण तो या बाईंसाठी नाही. कुत्र्यासाठी आहे."

बनसोडेसाहेबांनी केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकर शांतपणे म्हणाले, "कायद्यात शब्दाचा अर्थ खरा हवा, एवढंच आहे. तो खरा आहे."

सुलोचनाबाई उठून केळुसकरांकडे वळल्या. "साहेब, कुत्र्याचं नाव काय होतं?"

"टिपू."

"आणि माझ्या मुलाचं?"

केळुसकरांनी वकिलांकडे पाहिलं. वकील कागद चाळू लागले.

"प्रणित," सुलोचनाबाईच म्हणाल्या.

बनसोडेसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. कायदा त्यांनी केला नव्हता. "डॉक्टर, प्रमाणपत्रावर सही करा."

"नाही करणार."

सहीवाचून काही अडलं नाही. तिच्याच संस्थेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं पडद्यावरची नोंद पाहून संध्याकाळच्या आत सही केली. कारखान्याला परवानगी मिळाली.

शाल्मली बाहेर आली तेव्हा सुलोचनाबाई पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा जोडत होत्या. शाल्मली शेजारी बसली. काहीतरी बोलायला हवं होतं. एकच शब्द ओठांवर आला आणि तिला त्याची शिसारी आली. आपल्या तोंडून निघाला तर त्याचा काय अर्थ निघेल, याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

"राहू दे बाय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नको बोलू काही."

त्यांनी चप्पल पायात घातली, पण उठल्या नाहीत. गेटमधून केळुसकरांची गाडी बाहेर पडत होती.

"मला एकच सांग. तू शिकलेली आहेस, माणसाच्या आतलं वाचतेस. त्याला रडता येत नाही असं असतं, तर मी समजले असते. दगड आहे म्हटलं असतं. पण कुत्र्यासाठी इतक्या वर्षांनीही पोटात तुटतं त्याच्या." त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "मग माझ्या प्रणितसाठी का नाही तुटलं?"