अदमासपेटी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर अब्बांच्या हातांतल्या नसांची रेघ सपाट पडली होती. डॉ. टिपणीसांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. रेघ तशीच.

"तुमचं यंत्र बिघडलंय," शाहीन फणकाऱ्यानं म्हणाली. "काल संध्याकाळी याच हातांनी अब्बांनी मला गाड्यांच्या शर्यतीत हरवलंय. रोज हरवतात! नोंदी तुम्हाला पाठवतेच की."

"त्याच नोंदींवर विसंबून मी त्यांच्या मेंदूत तार बसवायचं लांबवलं. हात इतका चालतोय तर कवटी कशाला उघडा, म्हटलं. तो गेम टीव्हीला जोडलायस कसा?"

शाहीन इलेक्ट्रॉनिक सिग्नलची इंजिनियर होती, तिला हे तोंडपाठ होतं. तिचे अब्बा हनीफ मुकादम जहाजावर इंजिन सांभाळायचे. ती लहान असताना त्यांनी जपानहून गेमचं यंत्र आणलं. इथल्या टीव्हीवर त्याचं चित्र काळंपांढरं यायचं आणि लोळायचं, म्हणून पुढच्या फेरीत तिथलाच पिक्चर ट्यूबचा, नळीचा टीव्ही आणला आणि दोन्ही चालवायला वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही.

"आताचे टीव्ही जुनं चित्र आधी साफ करतात, मग दाखवतात," ती म्हणाली. "त्यात उशीर होतो. बटण दाबून गाडी वळेपर्यंत ती भिंतीवर! म्हणून मी मधे अदमासपेटी बसवली. ती खेळणाऱ्याचा हात शिकते, तो काय दाबणार ते ओळखून आधीच दाबते. मागून खरा दाब आला की ताडून बघते."

"आणि आलाच नाही तर?"

"उशीर झालाय असं धरून वाट बघते, तोवर स्वतःच दाबत राहते." शाहीनचा आवाज उतरला. "अब्बांचे हात संथ झाले, तशी मी वाट बघायची मुदत वाढवत गेले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. शेवटी मुदतच काढून टाकली."

टिपणीसांनी पडद्यावरच्या सपाट रेघेकडे बोट दाखवलं. "नसांची वाट जिवंत असते तोवरच तारेचा उपयोग, शाहीन. ती वेळ गेली."

घरी येऊन शाहीननं माळ्यावरचा, चित्र लगेच दाखवणारा नळीचा टीव्ही खाली उतरवला आणि पेटी बाजूला काढून वायर थेट जोडली. बाई वेडीच, अजून तिला वाटत होतं की प्रयोगशाळेतलं यंत्रच खोटं निघेल. शर्यत सुटली. अब्बांची गाडी सुरुवातीच्या रेघेवरच उभी राहिली. शाहीन एकटीच धावली आणि जन्मात पहिल्यांदा अब्बांना हरवलं.

"शाब्बास," अब्बा म्हणाले.

शाहीन हमसून हमसून रडायला लागली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंगठा हलत नाही आणि गाडी पळते, एवढं न कळायला मी काय खुळा आहे? जन्म इंजिनात गेला माझा."

"मग बोलला का नाहीत? ऑपरेशन झालं असतं!"

"भ्यालो, बेटा. आणि हरलीस की तू लहानपणीसारखी भांडायचीस. घरात तेवढाच काय तो आवाज." अब्बांनी नव्या मोठ्या टीव्हीकडे मान वळवली. "जा, पेटी परत लाव. त्यातल्या हनीफचे हात शाबूत आहेत."

तिनं डोळे पुसत पेटी लावली. शर्यत सुटताच अब्बांनी मांडीवरचा कंट्रोलर घसरू दिला. "बघ, कसं वळण मारलं पठ्ठ्यानं!"

त्यांचा हात खुर्चीखाली लोंबकळत होता. तो धरायला शाहीनला आपला कंट्रोलर खाली ठेवावा लागला. आता आपली गाडी भिंतीवर आपटणार म्हणून तिनं डोळे मिटले. उघडले, तर गाडी वळण घेऊन नीट पुढे गेलेली. मुदत तिनं अख्ख्या पेटीचीच काढली होती, आणि इतक्या संध्याकाळी पेटी तिचाही हात शिकत होती.

पुढे अब्बांची गाडी, मागे तिची. पेटीला आता दोघांचीही गरज नव्हती.

"हरतेयस बघ," अब्बा म्हणाले.

"हो अब्बा," ती म्हणाली आणि त्यांचा थंड हात चोळत बसली.